एका खेळाचें पारायण

जालना जिल्ह्यांतील घनसावंगी तालुक्यांत कुंभार पिंपळगांव नांवाचें गांव आहे. तें माझें गांव. समर्थ रामदासांचें जन्मस्थान जें जांब, तें आमच्याच तालुक्यांत. त्यामुळें एकच ग्रंथ आयुष्यभर पुन्हां पुन्हां वाचणारीं माणसें मीं लहानपणापासून पाहिलीं आहेत. सप्ताह बसला कीं पारायण सुरू होई. वाचणाऱ्यास पुढची ओवी पाठ असे, ऐकणाऱ्यास कथेचा शेवट ठाऊक असे, आणि तरीहि "हें तर गेल्याच वर्षीं झालें, आतां पुन्हां कशाला?" असा प्रश्न कोणी विचारीत नसे.

हा प्रश्न गेल्या पावसाळ्यांत मला मात्र माझ्याच घरांत विचारला गेला. त्याचें कारण असें कीं, जें पुन्हां मांडून मी बसलों होतों तो ग्रंथ नव्हता. तो संगणकावरचा एक खेळ होता, आणि खेळहि गोळीबाराचा. "अहो, हा तुम्ही शाळेंत असतांनाच संपविला होता ना?" असें पत्नीनें विचारलें. मीं होकार दिला. "मग आतां त्यांत राहिलें आहे काय?" या दुसऱ्या प्रश्नास मला तेव्हां उत्तर देतां आलें नाहीं. तें उत्तर देण्याचा आज माझा प्रयत्न आहे.

प्रथम खेळ कोणता, तें सांगितलें पाहिजे. ज्यांनीं असले खेळ मुलांच्या खोलीच्या दारांतूनच काय ते पाहिले असतील, त्यांचा असा समज होण्याचा संभव आहे कीं, गोळीबाराचे खेळ सगळे सारखेच. तसें नाहीं. कांहीं खेळांत गोष्ट केवळ नांवाला असते. बुद्धिबळांत राजा आणि वजीर असले तरी राज्याची कथा नसते, तसाच तो प्रकार. दुसऱ्या प्रकारांत गोष्ट मुख्य असून गोळीबार हें ती पुढें नेण्याचें साधन असतें. एक खोली पार केल्यावांचून पुढचें प्रकरण उघडत नाहीं. मी म्हणतों तो 'मॅक्स पेन' हा खेळ या दुसऱ्या प्रकारांतील आहे. फिनलंड देशांतील रेमेडी नांवाच्या कंपनीनें तो तयार केला, आणि २००१ सालच्या जुलै महिन्यांत तो प्रसिद्ध झाला.

मॅक्स पेन हा न्यूयॉर्क शहरांतील एक पोलीस अधिकारी. एके दिवशीं तो घरीं परततो, तेव्हां व्हॅल्किर नांवाच्या नव्या मादक द्रव्यानें बेभान झालेलीं माणसें घरांत शिरलेलीं असतात. त्याची पत्नी व तान्ही मुलगी दोघीहि मारल्या जातात. पुढें तो अंमली पदार्थांचा शोध घेणाऱ्या खात्यांत जातो, ओळख लपवून गुन्हेगारांच्या टोळींत राहतो, आणि तीन वर्षांनंतर हिमवादळाच्या रात्रीं एका सहकाऱ्याच्या खुनाचा आळ त्याच्यावरच येतो. एका बाजूनें पोलीस आणि दुसऱ्या बाजूनें टोळीवाले मागें लागले असतां तो त्या विषाच्या उगमापर्यंत कसा जातो, ही सारी कथा. तिचे तीन भाग असून प्रत्येक भागांत अनेक प्रकरणें आहेत.

या खेळाची जगभर ख्याति झाली ती एका युक्तीमुळें. ठराविक कळ दाबली कीं काळ मंदावतो. सुटलेली गोळी डोळ्यांस दिसेल इतक्या संथपणें हवेंतून जाते. समोरचा माणूस पाण्यांत चालावें तसा वळतो. पण खेळणाऱ्याच्या हातांतील नेम मात्र नेहमींच्याच वेगानें फिरूं शकतो. या सवलतीस मर्यादा असावी म्हणून पडद्याच्या कोपऱ्यांत वाळूचें एक घड्याळ ठेविलें आहे. काळ मंद असेपर्यंत तें रिकामें होत जातें, आणि शत्रु पडला कीं पुन्हां कांहींसें भरतें. हाँगकाँगच्या मारामारीच्या चित्रपटांत आणि पुढें १९९९ सालच्या 'द मॅट्रिक्स' या चित्रपटांत असा मंदावलेला काळ लोकांनीं पाहिला होता. तो प्रेक्षकाच्या हातीं देण्याचें काम या खेळानें केलें.

कथा सांगण्याची रीतहि निराळी होती. प्रकरणांच्या मध्यें हलतीं चित्रें न दाखवितां चित्रकथेच्या पुस्तकासारखीं पानें पडद्यावर येतात, आणि त्यांवर नायक स्वतःच्या आवाजांत आपली हकीकत सांगत असतो. कंपनीजवळ पैसा बेताचा होता. म्हणून त्या चित्रांसाठीं मोठे नट न बोलावितां तेथें काम करणारीं माणसें व त्यांचे आप्तेष्ट यांनाच उभें केलें. कथा लिहिणाऱ्या सॅम लेक यांनींच नायकाला आपला चेहरा दिला, आणि निकोल हॉर्न ही जी कथेंतील मुख्य दुष्ट स्त्री, तिच्या जागीं लेक यांच्या आई उभ्या राहिल्या. 'लेक' हें टोपणनांव आहे. त्यांचें खरें आडनांव यार्वी. फिनिश भाषेंत यार्वी म्हणजे सरोवर, आणि त्याचेंच इंग्रजी रूप त्यांनीं लेखनासाठीं घेतलें. घरच्या माणसांना मुखवटे चढवून गांवच्या चावडीपुढें नाटक उभें करावें, त्यांतलाच हा प्रकार म्हणावा लागेल.

आतां हा खेळ न्यूयॉर्कच्या हिमवादळांतून मराठवाड्यांत कसा आला, तें सांगतों. २००१ सालीं महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन ही संस्था स्थापन झाली, आणि तिच्या एम.एस.-सी.आय.टी. या अभ्यासक्रमाचे वर्ग हळूहळू खेड्यांच्या बाजारपेठांतूनहि निघाले. नोकरीच्या अर्जाबरोबर तें प्रमाणपत्र लागूं लागल्यामुळें वर्गांना विद्यार्थ्यांची वाण नव्हती. आमच्या गांवचा वर्ग एका दुकानाच्या माडीवर होता. संगणक चार. मी तेव्हां नववींत होतों. संध्याकाळची शेवटची तुकडी उठली कीं सर आम्हां तिघां मित्रांस तासभर बसूं देत. त्याबद्दल आम्हीं फरशी झाडून यंत्रांवर खोळी चढवाव्या, असा करार होता. खेळाची तबकडी जालन्याहून कोणीं तरी आणली होती. ती अस्सल नव्हती, हें आज कबूल केलेलें बरें.

एका यंत्रावर तिघांनीं खेळावयाचें म्हणजे कामाची वांटणी आलीच. एकानें माऊस धरून नेम धरावयाचा, दुसऱ्यानें कळा दाबून नायकास चालवावयाचें, आणि तिसऱ्यानें जिन्याकडे लक्ष ठेवून सूचना द्यावयाच्या. मला बहुधा कळा मिळत. त्या वर्षांत भारनियमन कडक होतें. ऐन चकमकींत वीज जाई, आणि न्यूयॉर्कचें बर्फ एका क्षणांत काळें पडून आम्ही कुंभार पिंपळगांवच्या उकाड्यांत परत येत असूं. यांतून एक शिस्त अंगीं बाणली. एक विशिष्ट कळ दाबली कीं त्या क्षणीं खेळ जेथें आहे तेथली सारी स्थिति यंत्र लिहून ठेवतें. मग वीज गेली काय किंवा नायक मेला काय, पुन्हां तेथूनच आरंभ करतां येतो. प्रत्येक दारापुढें ती कळ दाबल्यावांचून आम्ही पाऊल टाकीत नसूं. जें बिघडेल तें पुसून पुन्हां करतां येतें, हा विश्वास त्या कळेनें आम्हांस दिला होता.

परंतु आमच्या खेळांत एक मोठें न्यून होतें. तो मुका होता. खालीं दुकान, शेजारीं वस्ती. रात्रीं गोळीबाराचे आवाज नकोत म्हणून सर स्पीकर कपाटांत कुलूप लावून ठेवीत. पानांवर मजकूर छापलेला असे खरा, पण इंग्रजी आम्हांला पांचवीपासूनचें, आणि पाठ्यपुस्तकांतील इंग्रजी व न्यूयॉर्कच्या दुःखी पोलिसाचें इंग्रजी यांत फार अंतर आहे. उपमा, बोली शब्द, अर्धवट सोडलेलीं वाक्यें, यांपैकीं कांहींएक आम्हांस उमगत नव्हतें. थोडक्यांत सांगावयाचें तर, ज्या खेळाचा प्राण गोष्ट आहे तो आम्हीं गोष्ट न समजतां खेळलों.

आणि माणसाला गोष्टीवांचून करमत नाहीं. म्हणून आम्हीं आपली एक रचली. आरंभींच्या प्रकरणांत पलंगावर पडलेली जी बाई, ती मेली नसून बेशुद्ध आहे, असें आम्हीं ठरविलें; हिंदी चित्रपट पाहिलेल्या मुलांस हें ठरविणें कठीण नव्हतें. पुढें मोना नांवाची एक स्त्री हातांत पिस्तूल घेऊन येते. ती नायकाची पत्नीच असून वेष पालटून दुष्टांचा माग काढीत आहे, हा आमचा दुसरा सिद्धांत. शेवटच्या भागांत मोनाला गोळी लागते व ती लिफ्टमध्यें कोसळते. पण नंतर लिफ्टचें दार उघडतें तेव्हां आंत कोणी नसतें. आम्हीं एकमेकांकडे पाहून माना डोलाविल्या. ती निसटली, आणि बाळाला घेऊन घरीं गेली! अगदीं शेवटीं नायकास पोलीस धरून नेतात, आणि शेवटच्या चित्रांत त्याच्या ओठांवर हंसूं असतें. बायको सुखरूप आहे हें कळल्यावांचून बेड्या पडलेला माणूस हंसेल कशाला? आमची कथा अशी सर्व बाजूंनीं जुळली होती.

एकच गोष्ट जुळत नव्हती, आणि ती म्हणजे तें पहिलें घर. नायक दारांतून आंत येतो. वरच्या मजल्यावर किंचाळी होते. आम्हांस ती ऐकूं येत नव्हती, पण वर कांहीं तरी चाललें आहे हें कळत होतें. अधिक वेगानें जिना चढलों तर बाई बेशुद्धहि पडणार नाहीं, असें आम्हांला वाटे. आमच्यांत पैज लागली. कितीदां तरी आम्ही तो जिना चढलों. तिरपें धांवून पाहिलें, उड्या मारून पाहिलें, वाटेंतल्या माणसास न मारतां पुढें जाऊन पाहिलें. लिहून ठेवलेली स्थिति पुन्हां पुन्हां उघडली. बाई प्रत्येक वेळीं पलंगावर तशीच पडलेली. शेवटीं "आपलें यंत्र हळू आहे," असा निर्णय देऊन आम्हीं तो नाद सोडला.

दोन दशकें लोटलीं. गेल्या पावसाळ्यांत तोच खेळ मीं रीतसर पैसे देऊन विकत घेतला; जुन्या तबकडीचें थोडें प्रायश्चित्तहि त्यांत होतें. यंत्र आतां त्या वेळेहून शेंकडों पटींनीं वेगवान. खेळ सुरू झाला, बर्फ पडूं लागलें, आणि माझ्या ध्यानांत आलें कीं आवाजच येत नाहीं! मीं तारा तपासल्या, कानांवरचे हेडफोन बदलले. दोष माझ्या यंत्राचा नव्हता. त्या काळीं ध्वनि ज्या पद्धतीनें दाबून सांठवीत, ती आजच्या यंत्रणेला नीट उलगडत नाहीं, म्हणून हा जुना खेळ नव्या यंत्रावर गप्प होतो. जगांतील त्याच्या चाहत्यांनीं यावर स्वतः खपून एक दुरुस्ती तयार करून ठेविली आहे. ती शोधून बसवीपर्यंत मीं अर्धा तास तो खेळ मुकाच खेळलों, आणि त्या अर्ध्या तासांत मला सर्व कांहीं ओळखीचें वाटलें. मग दुरुस्ती बसली, आवाज आला, आणि ओळखीचें असें कांहीं उरलें नाहीं.

नभोवाणीच्या श्रोत्यांस आवाजाचें महत्त्व मीं सांगावयास नको. चेहरा न दिसतां केवळ स्वरावरून आपण बोलणाऱ्याचें वय, थकवा, खरेपणा ओळखतों. या खेळांतील निवेदन जेम्स मॅकॅफ्री या नटाचें आहे. खोल, संथ, कांहींसा घोगरा असा तो आवाज आहे. ज्याला आतां कसलीच घाई उरली नाहीं, अशा माणसाचा. मीं तो प्रथम ऐकला तेव्हां तो नट या जगांत नव्हता. २०२३ च्या डिसेंबरांत त्याचें निधन झालें. वीस वर्षें तो माझ्याशीं बोलत होता, आणि स्पीकर कपाटांत होते.

आतां त्या आवाजानें काय सांगितलें, तें ऐका.

पहिली गोष्ट ही कीं, कथा आरंभापासून सुरू होतच नाहीं. आरंभीं नायक एका उंच इमारतीच्या गच्चीवर उभा असतो, सर्व कांहीं घडून गेलेलें असतें, पोलीस खालीं जमलेले असतात. आणि तेथून तो मागची आठवण सांगूं लागतो. म्हणजे आम्हीं खेळलेला एकूण एक प्रसंग ही एक आठवण होती. प्रथम खेळणाऱ्यास हें समजण्याचा मार्ग नाहीं, कारण ती गच्ची कोणाची, तो तेथें कसा आला, हें त्यास अजून कळावयाचें असतें. दुसऱ्यांदा खेळणारा मात्र पहिल्या चित्रापासून नायकाइतकाच जाणता असतो. हा खेळ परत येणाऱ्यासाठींच रचला असावा, असें वाटावें अशी ही मांडणी आहे.

आणि जिन्याच्या पैजेचें उत्तरहि येथेंच मिळालें. आमचें यंत्र हळू नव्हतें. घडून गेलेल्या गोष्टीच्या आठवणींत कितीहि वेगानें धांवलें तरी वेळेवर पोंचतां येत नाहीं. कळ दाबून सारें पुसतां येतें असें ज्या खेळानें आम्हांस शिकविलें, त्यानेंच एक खोली त्या नियमाबाहेर ठेविली होती.

दुसरी गोष्ट नांवांची. नायकाच्या आडनांवाचा उच्चार इंग्रजींतील वेदनावाचक शब्दासारखाच होतो, आणि 'मॅक्स' म्हणजे कमाल. असा हा कमाल-वेदना नांवाचा मनुष्य जखमी झाला कीं औषध म्हणून वेदनाशामक गोळ्या खातो! आम्ही त्या गोळ्यांना "शक्तीच्या गोळ्या" म्हणत होतों. व्हॅल्किर हें नांव उत्तर युरोपच्या पुराणांतील आहे; रणांत पडलेल्यांपैकीं वीर निवडून नेणाऱ्या ज्या देवकन्या, त्यांच्यावरून तें घेतलें. विष बनविणाऱ्या कंपनीचें नांव एसिर, म्हणजे त्याच पुराणांतील देवांचें कुळ. आपल्याकडे एखाद्या कारखान्यास इंद्राचें व तेथें तयार होणाऱ्या विषास अप्सरेचें नांव द्यावें, तसें हें झालें. त्या पुराणांत प्रलयापूर्वीं एक न संपणारा हिंवाळा येतो, असें सांगितलें आहे. न्यूयॉर्कमध्यें रात्रभर बर्फ कां पडत होतें, तें मला आतां कळलें.

तिसरी गोष्ट स्वप्नांची. कथेंत दोनदां नायकास गुंगी येते आणि खेळ त्याच्या दुःस्वप्नांत शिरतो. अंधाऱ्या पोकळींत रक्ताची एक अरुंद रेघ असते. तिच्यावरून तोल संभाळीत चालावें लागतें. पाऊल चुकलें कीं खालीं पडून पुन्हां आरंभ. आम्हां मुलांस हीं प्रकरणें शिक्षेसारखीं वाटत, आणि तीं आलीं कीं तिघेहि कळा दुसऱ्याकडे ढकलीत असूं. परवां मीं तीं ऐकलीं. त्या अंधारांत एक तान्हें मूल रडत असतें. त्याच्या रडण्याच्या दिशेनें जावयाचें असतें, आणि तें कधीं जवळ, कधीं दूर होत राहतें. रात्रीचे साडेअकरा झाले होते. मीं हेडफोन काढून ठेवले, शेजारच्या खोलींत जाऊन माझी चार वर्षांची मुलगी झोंपली आहे ना तें पाहिलें, तिच्या अंगावरचें पांघरूण सारखें केलें, आणि त्या रात्रीं पुढें खेळलों नाहीं. नववींत असतांना मला तो आवाज ऐकूं आला असता, तरी मी उठलों असतों असें वाटत नाहीं.

चौथी गोष्ट ऐकून मी अस्वस्थ झालों. खेळांत दाराआड स्तब्ध उभें राहिलें तर पलीकडचे टोळीवाले आपसांत बोलतांना ऐकूं येतात. त्यांच्या गप्पा साध्या असतात. कोणी कुरकुर करतो, कोणी थट्टा करतो. दूरचित्रवाणीचा संच चालू असतो आणि त्यावर मालिका चाललेली असते. मग आपण आंत शिरावयाचें आणि त्यांस ठार करावयाचें. मुक्या खेळांत तीं नुसतीं निशाणें होतीं. आतां तीं माणसें झालीं होतीं, आणि संख्येनें शेंकडों. दोन मृत्यूंचा शोक करणारी ही कथा इतर शेंकडों मृत्यूंबद्दल अवाक्षर काढीत नाहीं, हें या खेळाचेंच नव्हे, तर त्याच्या साऱ्या जातीचें वैगुण्य आहे. महाभारत ऐकणाऱ्यावर अभिमन्यूच्या वधाचा दोष येत नाहीं. पण येथें चाप ओढणारें बोट ऐकणाऱ्याचें असतें. मुलपणीं मला माझें बोट दिसलें नव्हतें.

घरांत वाढत्या वयाचीं मुलें आहेत अशा श्रोत्यांस येथें एवढेंच सांगतों कीं, अमेरिकेंत हा खेळ सतरा वर्षांखालील मुलांसाठीं नाहीं असा शिक्का मारूनच विकला गेला. आम्ही चौदा वर्षांचे होतों आणि तो शिक्का वाचणारें कोणी नव्हतें. आम्ही त्यामुळें बिघडलों असें मी म्हणत नाहीं. पण जें पचवावयास वय लागतें तें आम्हीं न चावतां गिळलें, हें खरें. मुलें काय खेळत आहेत हें आवाज चालू ठेवून एकदां तरी शेजारीं बसून ऐकावें.

परत खेळण्यांत सगळेंच लाभाचें असतें असें मात्र नाहीं. आठवणींतील चेहरे सजीव होते. प्रत्यक्षांत ते ठोकळ्यावर चिकटविलेल्या छायाचित्रांसारखे आहेत. नायकाचा चेहरा तर सदा आंबट खाल्ल्यासारखा. एक अभिमानहि गळून पडला. या खेळांत काठिण्य ठरविण्याची एक छुपी योजना आहे. खेळणारा वारंवार मरूं लागला कीं यंत्र न सांगतां त्याच्यासाठीं खेळ थोडा सोपा करतें. तो सहज जिंकूं लागला कीं थोडा कठीण करतें. पत्ते खेळतांना भाच्याला कळूं न देतां मामानें हुकुमाचें पान हातांत दाबून ठेवावें, तसेंच हें. आम्हां तिघांस वाटे कीं आम्ही दिवसेंदिवस पटाईत होत आहों. वस्तुतः यंत्रच आमच्यासाठीं वाकत होतें. आणि आतां माझीं बोटें मंदावल्यावर तें पुन्हां मुकाट्यानें वाकलें. मला त्याचा राग आला नाहीं.

आतां पत्नीच्या प्रश्नाकडे वळतों. संपलेल्या खेळांत काय राहिलें होतें? खेळ अक्षरानें बदललेला नाहीं. तेंच बर्फ, तोच जिना, पलंगावर तीच बाई. वाचलेला ग्रंथ, पाहिलेलें नाटक, जुनें घर हीं सारीं काळानें थोडीं तरी बदलतात. नाटकांत नट बदलतात, घर खचतें. हा खेळ मात्र जसाच्या तसा राहतो, आणि म्हणून त्याच्या जवळ परत गेलें असतां जेवढा फरक दिसेल तेवढा सगळा आपलाच असतो. त्या फरकाचें माप मला तेथें मिळालें. भाषा आली होती, कान उघडले होते, मी बाप झालों होतों. रेमेडीची मंडळी या खेळाचे पहिले दोन भाग नव्यानें घडविणार आहे, असें २०२२ च्या एप्रिलांत जाहीर झालें आहे. ते अधिक देखणे होतील यांत शंका नाहीं. पण हें माप तेथें मिळेल असें वाटत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट सांगतों. दिवाळींत गांवीं गेलों असतां माऊस धरणारा माझा मित्र भेटला. त्याचें आतां बाजारपेठेंत खताचें दुकान आहे. चहा घेतांना मीं त्याला सांगितलें कीं, आपली गोष्ट अगदींच चुकीची होती. ती बाई पहिल्याच प्रकरणांत मरते, बाळहि मरतें. मोना ही निराळीच कोणी तरी. आणि शेवटीं तो हंसतो तें केवळ सारें संपलें म्हणून. त्यानें सर्व नीट ऐकून घेतलें. गिऱ्हाईक आलें होतें, त्याला पोतें तोलून दिलें. मग परत येऊन म्हणाला, "असेल बुवा तसं. पण आपल्या गोष्टींत ती वांचली होती." आणि थोड्या वेळानें त्यानें विचारलें, "तुझ्या नव्या कॉम्प्युटरवर तो जिना चढून बघितलास का रे? आतां तरी वेळेवर पोंचतां येतं का?"

मीं चढून पाहिला होता. तें त्याला सांगितलें, आणि आम्हीं चहा संपविला.